आकडा, न्यूट्रल आणि गल्लीची कबड्डी : एका मंडळाचं प्रकरण

गल्लीचं नाव, मंडळाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत. शहापूर-वडगाव भागातली, माग असलेली एक गल्ली एवढंच धरून चाला. कबड्डीच्या लाईटसाठी आम्ही आकडा टाकला, म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून मीटरशिवाय वीज घेतली, त्याचं हे प्रकरण. मी मंडळाचा खजिनदार. पैशाचा हिशोब माझ्याकडे, त्यामुळे या प्रकरणातली चूकही बरीचशी माझ्या वहीतनंच गेलीय. बेळगावात आणि आसपासच्या गावात अशी मंडळं ढीगभर आहेत, सगळ्यांचं मैदान आणि लाईटचं गणित थोडंफार असंच असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

आमच्या दोन गल्ल्यांच्या मधे कॉर्पोरेशनची मोकळी जागा आहे. लाल माती, एका कडेला पिंपळाचा कट्टा, दुसऱ्या कडेला जुनी विहीर, आता तिच्यावर जाळी. तिथं गेली बरीच वर्षं जानेवारीत कबड्डीच्या मॅची होतात. गणपती, शिवजयंतीचा चित्ररथ आणि ही कबड्डी, मंडळाचे वर्षाचे तीन कार्यक्रम. मॅची रात्रीच घ्याव्या लागतात कारण पोरं दिवसा कामाला असतात, कोण उद्यमबागेत फौंड्रीत, कोण मागावर, कोण दुकानात.

२०२४ च्या जानेवारीत १६ संघ आले. खानापूर, चंदगडकडचे पण होते. एका मॅचला २० मिनिटांचे दोन डाव, मधे ५ मिनिटं, म्हणजे पाऊण तास तर नुसता खेळ, त्यात वाद, टाईमआऊट, पाहुण्यांचा सत्कार, नारळ. एका रात्रीत चार मॅची. पहिल्या फेरीच्या ८, मग ४, मग २, मग फायनल, अशा १५ मॅची पाच रात्रीत बसवल्या होत्या.

राजकारणाचं थोडं सांगायला लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेळगाव महापालिकेची २०२१ ची निवडणूक पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हावर झाली, ५८ वॉर्ड. त्याआधी आमच्याकडे समिती (महाराष्ट्र एकीकरण समिती) की समितीच्या विरोधात, मराठी की कन्नड, असाच हिशोब असायचा. चिन्हं आली आणि मंडळातली पोरं तीन ठिकाणी वाटली गेली. कोण समितीचं, कोण कमळाचं, कोण हाताचं. कट्ट्यावर एकत्रच बसायची पण बॅनरवर कुणाचा फोटो यावरनं रात्र-रात्र भांडणं. त्यात सभागृह निवडून येऊन सुद्धा महापौर बसायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. तेवढ्या काळात वॉर्डातलं बारकं काम कुणाकडं घेऊन जायचं हेच लोकांना कळत नव्हतं, आणि "कागद करत बसू नका, आपलं आपण करून घेऊ" ही सवय तिथनं अंगात मुरली. आमच्यात तर नक्कीच मुरली.

अडचण काय होती

मैदानाभोवती त्या वर्षी ८ लाईट लावायचे होते. ४०० वॅटचे मेटल हॅलाईड, आम्ही सगळे त्याला हॅलोजनच म्हणतो. ८ गुणिले ४०० म्हणजे ३.२ किलोवॅट. रात्री पाच तास चालले तर १६ युनिट, पाच रात्रीचे ८०. स्पीकर वेगळा. ऐकायला काही मोठं नाही, त्यामुळेच कुणी गांभीर्यानं घेतलं नाही. ८० युनिटसाठी अर्ज, नकाशा, डिपॉझिट कशाला, असंच सगळ्यांना वाटलं. मला पण.

खरी अडचण युनिटची नव्हती, एका वेळी एकाच तारेवर किती ओढायचं याची होती. हे आम्हाला तिसऱ्या रात्री कळलं.

समोर असलेले मार्ग

मॅचीच्या दहा दिवस आधी कट्ट्यावर बसून ठरवलं. चार गोष्टी बोलल्या गेल्या.

एक म्हणजे हेस्कॉमकडनं, आमच्या वीज कंपनीकडनं, तात्पुरतं कनेक्शन. एलटी-७ या दरगटात येतं, दर घरच्यापेक्षा जास्त, आधी डिपॉझिट भरायचं, वापर कापून उरलेलं परत. लायसनवाल्या कंत्राटदाराची सही लागते आणि जागा कॉर्पोरेशनची म्हणून त्यांचं ना हरकत पत्र लागतं. हे मीच सांगितलं आणि मीच पुढं म्हणालो, "दहा दिवसात कुठं होणार हे". पाच मिनिटांच्या आत तो विषय संपला. कुणी सेक्शन ऑफिसला जाऊन विचारलं पण नाही.

दुसरा जनरेटर. चित्ररथाला दरवर्षी आणतोच. पण पाच रात्रींचं भाडं आणि डिझेल धरलं तर दुसऱ्या नंबरचं बक्षीस त्यात जात होतं.

तिसरा मार्ग कोपऱ्यावरच्या एका काकांनी मनापासनं दिला, आमच्या घरातनं वायर ओढा म्हणाले, कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत फुकटच आहे. इथं बऱ्याच जणांची गफलत होते म्हणून थांबून सांगतो. फुकट म्हणजे सरसकट २०० नाही. २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी आणि वर १० टक्के, तेवढं माफ. काकांच्या घरची सरासरी १३०, म्हणजे माफ १४३. आमचे ८० घातले की महिन्याला २१०, आणि २०० ओलांडलं की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं. शिवाय घरच्या कनेक्शनवर मैदानाचे लाईट लावणं नियमात बसत नाही ते वेगळंच. काकांचा जीव चांगला, पण त्यांच्या गळ्यात बिल घालणं मला पटलं नाही आणि हे गणित मी तिथंच करून दाखवलं. एवढं एक बरोबर केलं.

चौथा, आकडा. विहिरीपाशी खांब आहे. एक पोरगा, वायरिंगचं काम करतो, म्हणाला, "आंवं स्ट्रीट लाईटच्या तारंवर टाकतो की, ती संध्याकाळीच चालू होते, सकाळी बंद, घरांना काय त्रास नाही". मागच्या तीन-चार वर्षी असंच केलेलं. काही झालं नव्हतं. म्हणून ठरलं.

पहिला निर्णयाचा क्षण हाच होता. "मागच्या वेळी काही झालं नाही" यावर आम्ही ठरवलं. मागच्या वेळी लाईट ४ होते हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्याच्या वहीत चार लाईटचं भाडं लिहिलेलं होतं तो मी सुद्धा गप्प बसलो.

तिसरी रात्र

दोन रात्री मस्त गेल्या. थंडी चांगली पडलेली, शेकोट्या, कट्ट्यावर बायका-पोरं, गर्दी एवढी की गल्लीतनं गाडी जाईना. तिसऱ्या रात्री क्वार्टर फायनल. दुसरी मॅच चालू, आमचाच संघ, सव्वाआठ वाजले असतील. आमच्या रेडरनं बोनस घेतला आणि लाईट मंद झाले. एकदम गेले नाहीत, पिवळे पडले, थरथरले आणि मग एकेक करून विझले. त्याच वेळी समोरच्या रांगेतल्या घरांमधले बल्ब पांढरेफट्ट पेटले, डोळ्याला बघवेना असे. कुणीतरी ओरडलं, "अरे करंट वाढला!" आणि मग एका घरातनं टीव्हीचा फट् असा आवाज, दुसऱ्या घरातनं धूर.

काय झालं ते साध्या भाषेत सांगतो, कारण गल्लीत अजून लोक म्हणतात की वरनं जास्त करंट सोडला. तसं नाही. टीसीवरनं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरनं, खांबांवर तीन फेज येतात, एक न्यूट्रल आणि पाचवी तार स्ट्रीट लाईटची. घरं तिन्ही फेजवर वाटलेली असतात आणि सगळ्यांचा परतीचा रस्ता म्हणजे न्यूट्रल, एकच. आम्ही एका फेजवर एकदम १४ अँपिअर चढवले आणि परतीची वायर न्यूट्रलच्या सांध्यालाच गुंडाळली. दोन रात्री ती गरम होत राहिली, वायरच्या वजनानं ओढ बसत राहिली, तिसऱ्या रात्री सांधा सुटला. न्यूट्रल गेला की २३० व्होल्टचा हिशोब मोडतो. दोन फेजमधे ४०० च्या वर व्होल्ट असतात, ते मग घराघरात लोडप्रमाणे वाटले जातात. ज्या फेजवर लोड जास्त तिथं कमी व्होल्ट, म्हणजे आमचे हॅलोजन मंद. ज्या फेजवर लोड कमी तिथं जास्त, म्हणजे समोरच्या घरातली सगळी सामानं. जी माणसं त्या वेळी काटकसरीनं एक बल्ब आणि एक टीव्ही लावून बसली होती त्यांनाच सगळ्यात जास्त फटका.

समोरच्या रांगेत एक मावशी राहतात. घरात एकच माग, सिंगल फेज मोटर. त्यांचे मालक गेले तेव्हापासनं त्या आणि त्यांचा मोठा मुलगा मिळून चालवतात. तो मुलगा म्हणजेच आमचा रेडर, ज्यानं तो बोनस घेतला. मावशी रात्री माग चालवत होत्या कारण शनिवारी साडी द्यायची होती. मी धावत गेलो तेव्हा मोटरचा वास घरभर पसरलेला, काळपट धूर छताला आणि मागावर मोरपंखी साडी, पदराच्या अलीकडं थांबलेली. मावशींनी मोबाईलची बॅटरी साडीवर धरली होती, काजळी बसली का बघायला. मोटरकडं त्या बघत पण नव्हत्या. मला म्हणाल्या, "बाळ, हात लावू नको गा, तेलकट हाय तुझा हात".

आता दुसरा निर्णयाचा क्षण, आणि तो सांगताना मला आजही त्रास होतो. बाहेर हजारभर माणूस उभं. खानापूरचे संघ टेम्पो करून आलेले. कोणतरी म्हणालं जनरेटर आणा. अर्ध्या तासात जनरेटर आला. समोरच्या रांगेत अंधार, लाईनमन खांबावर चढून सांधा बघतोय, आणि आम्ही त्याच्यापासनं पन्नास पावलांवर जनरेटर लावून मॅची पुढं चालू केल्या. स्पीकर पण. दहानंतर स्पीकर लावायचा नाही हा नियम सगळ्या देशाला आहे, २००० सालापासनं, आम्ही पावणेबारापर्यंत लावला. मावशींचा मुलगा खेळला नाही, घरी गेला. त्याच्या जागी बदली उतरवला आणि आम्ही ती मॅच जिंकलो, आणि टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री थांबायला पाहिजे होतं. यात दुसरं मत असू शकत नाही.

दंड, आणि बैठकीत काय झालं

लाईनमननं खांबावरची आमची वायर काढून खाली टाकली, फोटो काढून ऑफिसला कळवलं. त्याचं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्शन ऑफिसमधनं बोलावणं. वीज कायद्याचं कलम १३५, वीजचोरी. ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे ऐकल्यावर तोंडं उतरली. पहिल्याच वेळी असेल तर कंपाउंडिंगची रक्कम भरून मिटवता येतं, एकदाच, पुन्हा ती सवलत नाही, असं तिथल्या सरांनी समजावून सांगितलं. ते कन्नड बोलणारे, मराठी मोडकं. "नोडरी, लोड एष्टु?" म्हणजे बघा, लोड किती, एवढंच आधी विचारलं. मी ३.२ सांगितलं. मागचं बिल धरून साडेसतरा हजार.

संध्याकाळी देवळात पंचांची बैठक. आणि तिथं ते झालं ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

एक जण उठला, चांगला बोलणारा. म्हणाला, मराठी मंडळ म्हणूनच आपल्याला धरलंय, दुसऱ्यांच्या कार्यक्रमाला आकडे चालतात, ऑफिसर कन्नड, लाईनमन कन्नड, आपण उद्या मोर्चा काढू, पेपरला देऊ. निम्मी सभा तापली. आणि ते तापणं खोटं नव्हतं. माझ्या काकांनी १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात लाठी खाल्लीय. सुप्रीम कोर्टात २००४ पासनं सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत परिपत्रकं द्यायची असा नियम असून कागद मिळवायला काय करावं लागतं ते आम्हाला माहीत आहे. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत मी जातो, पुढं पण जाणार.

पण म्हणूनच मी उठलो. म्हणालो, खांबावर वायर आपण टाकली. मराठी म्हणून टाकली नाही, फुकट म्हणून टाकली. आणि जळालेली ११ घरं, त्यातली दोन कन्नड आहेत, एक मुसलमानांचं, बाकी आपली. मोर्चा कुणाच्या विरोधात काढणार? मावशींच्या मोटरसाठी? आपलं भांडण खरं आहे, सत्तर वर्षांचं आहे, त्याच्या आडोशाला जर आपण आकडा लपवला तर उद्या खरी तक्रार घेऊन गेलो की लोक म्हणतील हे ते आकडेवाले. आवाज चढला माझा. कोण-कोण उठून गेले.

मग मागनं एक बाई बोलल्या. बैठकीला बायका सहसा नसतात, त्या दिवशी ज्यांची सामानं गेली त्या आल्या होत्या. म्हणाल्या, "ते मराठी-कानडी नंतर करा, माझा फ्रीज कोण देणार ते सांगा आधी". सभा तिथंच जमिनीवर आली.

काय केलं

ठरलेल्या गोष्टी एकेक करून नाही सांगत, पैशाचं सांगतो कारण ते माझ्याकडं आहे. ११ घरांचं नुकसान पोरांनी घरोघरी जाऊन लिहून आणलं, दुरुस्तीवाल्यांच्या पावत्या घेतल्या. मावशींची मोटर रिवायंडिंग, तीन टीव्ही, एक फ्रीज, फॅन, मिक्सर, एका पोराचा लॅपटॉपचा चार्जर, सगळं मिळून ५२,४००. दंड १७,५००. एकूण ६९,९००. पहिलं बक्षीस २१,००१ आणि दुसरं ११,००१ देणाऱ्या दोन्ही देणगीदारांकडं मी आणि अध्यक्ष गेलो, दोघांनी पैसे इकडं वळवायला हो म्हणलं, एकानं तर चहा पाजून. मंडळाच्या ४४ पोरांनी ५०० प्रमाणे २२,०००. गणपतीच्या शिलकीतनं १०,०००. झाले ६४,००२. प्रवेश फी मॅट, पंच, स्पीकरमधे आधीच गेलेली. जवळजवळ सहा हजार कमी पडले.

सेमी आणि फायनल पुढच्या रविवारी दिवसा, भर दुपारी घेतल्या. बक्षीस नाही, फक्त शिल्ड. चारही संघांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. वाटलं होतं दोन तरी येणार नाहीत, चारही आले. आम्ही सेमीत हरलो. मावशींचा मुलगा त्या दिवशी पण खेळायला आला नाही, मोटर आणायला गेला होता.

माफी मात्र आम्ही उशिरा मागितली. पैशाची जुळवाजुळव झाल्यावरच तोंड दाखवू असं सगळ्यांना वाटत होतं, त्यात ११ दिवस गेले. त्या ११ दिवसात मावशींनी चार दिवस माग बंद ठेवला, साडी वेळेवर गेली नाही, सावकारानं म्हणजे ज्यांच्याकडनं सूत घेतात त्यांनी पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. मोटरचे पैसे आम्ही दिले, त्या ऑर्डरचे कोण देणार? ते माझ्या यादीत नव्हतंच, कारण त्याची पावती नसते.

हायमास्टची ऑफर

फेब्रुवारीत आणखी एक वळण आलं. लोकसभेचं वारं सुरू झालेलं. एका पुढाऱ्याचा माणूस आला, म्हणाला मैदानाच्या मधे हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, लावून देतो, तुम्हाला आकडाही नको आणि बिलही नको, फक्त खांबावर नाव आणि उद्घाटनाला गल्ली भरली पाहिजे. पोरं खूश. मला पण आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग प्रश्न विचारत गेलो तसं एकेक उघडं पडत गेलं. हायमास्ट रात्रभर जळणार, त्याचं बिल कॉर्पोरेशन भरणार म्हणजे आपणच भरणार. मैदानाच्या मधे खांब उभा राहिला तर कबड्डीचं मैदान, १३ बाय १० मीटरचं, कुठल्या कोपऱ्यात मारायचं? समोरच्या रांगेतल्या लोकांच्या खिडक्यात रात्रभर उजेड, त्यांना विचारलं का? बल्ब गेला तर वरती कोण चढणार? आणि ज्याचं नाव खांबावर त्याच्या विरोधातल्या पोरांनी त्या मैदानात खेळायचं का नाही? आधीच तीन तुकडे झालेले, त्यात कायमचा लोखंडी बॅनर उभा करायचा.

मंडळात मतदान घेतलं, हात वर करून. २३ विरुद्ध १८, नको असं ठरलं. फरक मोठा नव्हता. तीन पोरं त्यावरनं मंडळ सोडून गेली, त्यातला एक आमचा चांगला डिफेंडर. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि तो विषय तसाही थांबला, पण त्याआधी आम्ही स्वतः नको म्हणलं होतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे, मैदानाचा लाईट ज्याच्या पैशानं पेटतो मैदान हळूहळू त्याचं होतं. आमच्या शहरात अशी किती मैदानं, किती कट्टे, बघा एकदा फिरून.

१८ जणांचं म्हणणं पण मांडतो, ते वेडे नव्हते. त्यांचं म्हणणं, अंधारात मैदानावर रात्री दारू पिणारे बसतात, बायकांना त्या बाजूनं जाता येत नाही, नाव कुणाचं का असेना उजेड तर येईल. हे खरं होतं. त्यावर आम्ही वॉर्डातल्या नेहमीच्या दोन खांबांवर एलईडी लावून घ्यायचा अर्ज दिला, नगरसेवकांची सही घेऊन. जूनमधे लागले. हायमास्टएवढा उजेड नाही, पण वाट दिसते.

पुढच्या जानेवारीत

२०२५ ला संघ १२ च घेतले. नोव्हेंबरातच अर्ज. अर्ज कुठल्या भाषेत यावरनं परत अर्धा तास वाद, शेवटी एका कागदावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, दोन्ही जोडून दिला. कन्नड मजकूर गल्लीतल्या एका मुलीनं लिहिला, एसएसएलसीला म्हणजे दहावीला आहे, अक्षर एकदम मोत्यासारखं. ऑफिसमधे तिचा कागद वाचून सर म्हणाले, हे कुणी लिहिलं, आणि मराठी कागदावर पण शिक्का मारून दिला. पोहोच दोन्हीची मिळाली. मी दोन्ही पोहोच वहीत चिकटवून ठेवल्यात.

लायसनवाल्या कंत्राटदाराकडनं वायरिंग केलं, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप बंद करणारा स्विच, बसवला, मीटर खांबाच्या बाजूला लाकडी फळीवर. लाईट ६, एलईडी, २०० वॅटचे, म्हणजे १.२ किलोवॅट. आधीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. उजेड थोडा कमी पण खाली नीट पडतो, आणि करंट झटकला तर हॅलोजनसारखं दहा मिनिटं थंड व्हायची वाट बघावी लागत नाही. बऱ्याच मॅची शनिवार-रविवार दुपारी संपवल्या, लाईटवर फक्त तीन संध्याकाळी, सहा ते साडेनऊ. साडेनऊला स्पीकर बंद, शिट्टीवर मॅच. आमच्या शहरात काही वॉर्डांना २००८ पासनं चोवीस तास पाणी मीटरवर मिळतंय, तिथल्या लोकांना मीटर बघायची सवय आहे, तशी आमच्या पोरांना पण लागली. रोज रात्री रीडिंग स्कोअर बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं लिहायचे. तीन रात्रीचे स्पीकर धरून १४ युनिट.

गर्दी मागच्या वेळेच्या निम्मी. दुपारच्या उन्हात कोण बसणार. प्रवेश फी कमी आली, पहिलं बक्षीस ११,००१ वर आलं. खानापूरचा एक मोठा संघ आला नाही, रात्रीची मजा नाही म्हणाले. ते नुकसान आहे आणि मी ते लपवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरात अर्ज दिल्यावर तात्पुरतं कनेक्शन विनात्रास मिळालं, तेव्हा पहिल्याच वर्षी दहा दिवस आधी नाही, दोन महिने आधी कुणीतरी ऑफिसात जाऊन नुसतं विचारलं असतं तरी हे सगळं टळलं असतं. तो कुणीतरी मी होतो.

लाईट ४ वरनं ८ केले तेव्हा लोडचा प्रश्न ज्याला वायरिंग येतं त्या पोरावर सोडला. त्याला घरातलं वायरिंग येतं, खांबावरचं नाही. नंतर सगळ्यांनी त्यालाच धरलं, त्याच्या घरी जाऊन शिव्या दिल्या, वर्षभर तो कट्ट्यावर आला नाही. ठरवलं सगळ्यांनी मिळून, दोष एकाच्या माथी. यंदा कंत्राटदाराच्या हाताखाली त्यालाच कामाला लावलं, तो आला.

न्यूट्रल गेला त्या क्षणी घराघरात पळत जाऊन मेन स्विच बंद करा असं स्पीकरवरनं सांगता आलं असतं. स्पीकर आमच्या हातात होता, मॅचवाल्याचा माईक चालू होता त्याच्या बॅटरीवर. आम्ही त्यावरनं काय सांगितलं तर, "प्रेक्षकांनी शांत बसून घ्यावं, लाईट लगेच येईल". एक मिनिटाचा फरक पडला असता तरी दोन-तीन घरं वाचली असती असं तो कंत्राटदार म्हणाला.

आणि जनरेटर आणलाच होता तर त्याची एक वायर समोरच्या रांगेत द्यायची, मॅचीला नाही. हे पण त्या रात्री कुणाच्या डोक्यात आलं नाही, मावशींच्या मुलानं नंतर कधीतरी सहज बोलताना सांगितलं. तो यंदा खेळला. पहिल्या मॅचला सात गुण.

फ्रीजवाल्या बाईंचे सहा हजार अजून द्यायचे आहेत. यंदाच्या शिवजयंतीच्या वर्गणीतनं आधी ते काढायचे, चित्ररथ नंतर, असं बैठकीत लिहून घेतलंय. सह्या सगळ्यांच्या आहेत, उठून गेलेल्यांच्या पण.